धुऱ्यावरचा गोटा

ता. २ मे १९७८, मंगळवार

म्हणजे शेजारच्या प्रमिलाबाईच्या सासऱ्याचा फोटो काचेच्या कपाटात, मधोमध, अन् माह्या सासऱ्याचा दाराच्या मागं! दार उघडलं की सासरे झाकले. श्रीनिवास गुरुजीले तोंडावर विचारलं, हे काऊन? म्हणते, आनंदाबाई, तिकडं ऊन लागत नाई, फोटो टिकते. मले शिकवते!

गुरुजी रिटायर झाले अन् शाळेच्या मागच्या खोलीत म्युझियम मांडून बसले. जुने फोटो, गावाचा जुना नकाशा, कोणाच्या आजीनं काढलेली चित्रं. लोकं घरचं नेऊन देऊन राह्यले. नकाशात आमचं वावर बोटभर, अन् बाजूचं चंद्रभानचं दीड बोट. चंद्रभान माहा चुलत दीर. नऊ वर्षांपासून बोलणं बंद. अन् नकाशा म्युझियमले कोणं देल्ला? त्यानंच.

ठरवलं. त्या खोलीत पाय ठेवणार नाई.

ता. ४ मे, सकाळी

गेलती. सासरे जागेवर आहेत का पाह्याले.

वर्ध्याच्या कॉलेजातली लीनाबाई आलती. एका दगडावर भिंग धरून बसली. म्हणे हा दगड लाखो वर्षांआधी झाड होता. आत लाकडासारखे गोल गोल वळे. मी म्हटलं, याच्या चौपट गोटा आमच्या धुऱ्यावर, चंद्रभानच्या अन् आमच्या वावराच्या मधल्या बांधावर, गाडला आहे. बोलली अन् जीभ चावली. ती लगेच म्हणे, मले दाखवा, पण हालवू नका, जागेवरच पाह्यचा आहे.

जागेवरच! आज ही बाई जागा पाहून जाईन, उद्या जीप आणीन अन् उचलून नेईन. चौथी शिकली असली तरी एवढं समजते मले.

ता. ५ मे

काम फत्ते. आमचा सालदार कवडू, त्याले घेऊन गोटा खणून काढला. बंडीत टाकला, वरून बैलाचं कुटार. घरी आणून गोणपाटाखाली ठेवला. कवडू तोंड वाकडं करून म्हणे, बाई, हा धुऱ्याचा गोटा आहे, लोणच्यावर ठेवाचा नाई. मी म्हटलं, तू वखर चालव.

खड्डा बुजवून वरून दोन पाळ्या मारल्या. इतकं साफ झालं का मलेच जागा ओळखू येईना. आता शोधो म्हणा लीनाबाईले.

ता. ९ मे

यांना (म्हणजे आमच्या वासुदेवरावले) गोट्याची ठेच लागली. ओरडले नाई. खाटेवर बसून अंगठा चोळत म्हणाले, मोजणीचा अर्ज आठवते का तुले?

आठवते तं! दोन वर्षांआधी मीच द्याले लावला. चंद्रभान दरसाल नांगराचं एक तास इकडं सरकते हा माहा पक्का संशय. धुऱ्याले लागून आमची विहीर आहे. असाच सरकत राह्यला तं एक दिवस विहीर त्याच्या अंगाले. आज नोटीस आली. २५ तारीख, गुरुवार. मी म्हटलं, येऊ द्या, होऊन जाऊ द्या.

हे पुन्हा अंगठा चोळाले लागले. यांचाही संशय येऊन राह्यला मले.

ता. १३ मे

विचार करून गोटा म्युझियमले देल्ला. अट एकच, कपाटात ठेवाचा अन् चिठ्ठीवर माहं नाव, प्रमिलाबाईच्या सासऱ्याहून मोठ्या अक्षरात. लीनाबाईनं हात फिरवला, खुश झाली. मंग विचारते, सापडला कुठं, नेमकी जागा? मी म्हटलं, ते सांगणार नाई. ती म्हणे, जागा माहीत नसन तं हा नुसता दगड, याच्यावरून काही सांगता येत नाई.

तोंड एवढंसं करून गेली. गुरुजीनं गोटा दार अडकवाले लावला. आता दार कायम उघडं. सासरे कायम झाकलेले.

हे मुद्दाम केलं.

ता. २० मे, दुपारी

मोजणीचा साहेब तारखेच्या आधी वावर पाह्याले आला. गुरुजीकडून तोच जुना नकाशा आणला, बंडीवर पसरला. एका टिंबावर बोट ठेवून म्हणे, धुऱ्याचा गोटा. मी इथूनच मोजतो. कुठं आहे?

कवडू आभायाकडं पाहे. हे जमिनीकडं.

मी म्हटलं, शाळेत, दाराले.

साहेब म्हणे, उपटला कोणं? मी म्हटलं, ते जाऊ द्या, लावून देते परत. तं म्हणे, जिथं होता तिथंच लागला पाहिजे. हातभर इकडचा तिकडं झाला तं विहीर कोणाची ते सांगता येणार नाई.

चंद्रभान त्याच्या वावराच्या अंगाले उभा होता. हसला नाई. तेच संशयाचं आहे.

ता. २२ मे, सोमवार

दिवसभर शोधलं. मी म्हणते विहिरीपासून सहा पावलं. कवडू म्हणते तीन. हे म्हणतेत, पावलं कोणाची? चार ठिकाणी खणलं, सगळीकडं सारखीच काळी माती. यांच्यावर ओरडली. ओरडणार नाई असं सकाळीच ठरवलं होतं, पण मले ओरडाले लावलं.

मंग हे हळूच म्हणाले, बरोब्बर जागा एकाच माणसाले माहीत आहे. चाळीस वर्षं चंद्रभाननं त्याच गोट्यावर बसून भाकर खाल्ली. त्यानं बोट दाखवलं तिथं गोटा. त्यानं मनात आणलं तं विहीर त्याची.

विहिरीवर जाऊन बसली थोडी. पाणी खाली गेलं आहे, तरी दिसते.

चिठ्ठी लिहिली. कवडूच्या हातानं पाठवून राह्यली. इथं उतरवून ठेवते, मांगून कोणी म्हणाले नको का मी हात जोडले.

“चंद्रभानभाऊजी, गोटा कुठं होता ते तुमाले माहीत आहे. विहीर कोणाकडं जाते तेही माहीत आहे. तुम्ही खोटं बोलता असं नऊ वर्षं मी गावभर सांगतलं, ते सध्या बाजूले ठेवा. जागा खरी सांगा. गुरुवारी साहेब येते. बुधवारी दिवस बुडाच्या आधी मले उत्तर पाहिजे. – आनंदाबाई.”