चिमी चावली न्हवती

ब्राह्मीताई,

तुमचा फोन लागंना, म्हनून लिहिते. मी खोटं बोलले. तुमी शिकवून दिलेली कुत्री, चिमी, कुनालाच चावली न्हवती. फौजेतलं आठवून आमच्या सुभेदारांचं अंग कापाय लागलं, की ती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवायची. महिनाभर मात्र हे धरणाच्या पान्याकडं निघाले, की ती वाटंत आडवी पडायची.

हे म्हनले, "कुत्री परत दे. मी आता बरा हाय." इतकं गोड बोलले, की मी ऐकलं आन ती चावली म्हनून तुमाला कळवलं.

सकाळी तुमी तिला सांगलीला न्हेलं. तवापासनं हे लय शांत हायत. दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, लेकीला फोनवर म्हनले, "आईकडं बघ."

आता चपला घालून भाईर पडले. पत्र हितंच टाकून मी त्यांच्यामागं पळते.

राजेश्वरी,
कोयनानगर