घरासाठी जुनं ॲम्प्ली

२ फेब्रुवारी, रविवार

"मी साऱ्या गावांना ऐकवत फिरतो, एक दिवस हिला एकटीला ऐकवीन."

लग्न ठरलं तेव्हा गोरख असं म्हणाले होते. राजुरीला, माझ्या माहेरी, हातात चहाची बशी, सगळ्यांसमोर! चुलती तोंडावर पदर धरून हसली. मी आत जाऊन पाण्याचा हंडा उगाच पुसत बसले.

तेव्हापासून हे लग्नांमध्ये, यात्रांमध्ये आवाज लावत फिरतात. सयाजीभाऊंच्या साऊंडवर कामाला. घरात मात्र माझा तो एक रेडिओच.

आणि आज सकाळी गाडीवरून गोणपाटात गुंडाळलेलं एक जुनं ॲम्प्ली आलं. नारायणगावच्या एका रिपेअरवाल्याकडून. "आठ दिवस लावून बघा म्हनलाय. पटलं तर ठिवायचं." माळ्यावरचे दोन लाकडी स्पीकर उतरवले. मी फडक्यानं पुसले.

यांची तपासायची रीत मला बघायला आवडते. थेट बोर्डात पिन खुपसत नाहीत. आधी मध्ये एक साधा बल्ब जोडतात. आत काही जळलेलं असलं तर बल्ब भगभगून पेटतो, मशीन वाचतं. बल्ब मंदावला की झाकण काढून आत वाकून बघतात, वाससुद्धा घेतात! मग मीटर. मग स्पीकर. सगळ्यात शेवटी गाणं.

ह्यांनी कामावरचा सीडी प्लेअर जोडला, मी भजनाची सीडी दिली. पखवाज असा घुमला की खिडकीची काच थरथरली. टाळ तर एकेक वेगळा मोजावा असा. मला भरून आलं.

हे म्हणाले, "टाळ कुठायत? मेल्यागत आवाज हाय ह्याचा."

"अहो, मला तर ऐकू येतायत."

"तुला काय कळतंय त्यातलं."

खरंच असेल. मी ग्रंथालयात बसणारी बाई.

३ फेब्रुवारी

मशीन परत. रिपेअरवाल्याशी भांडून आले म्हणे. "भाऊ, आजवर कुनी नाव न्हाई ठेवलं ह्याला," असं तो म्हणत होता. हे सांगताना हसले. मी हसले नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

दुसरं मशीन, जुन्नरहून. याच्या समोर दोन काटे हलतात. दिसायला देखणं.

गाणं न लावता हे स्पीकरला कान लावून बसले. म्हणाले, "बघ कसं गप हाय! सुई पडली तरी ऐकू यील."

डावा स्पीकर सूं सूं करत होता. बारीक, टोकदार. दारातून मला ऐकू येत होता.

तेवढ्यात संस्कृती आतून आली. तिचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, अवसरी खुर्दच्या कॉलेजात. रविवार म्हणून केस धुऊन बसली होती. "मम्मी, कुकरची शिट्टी अडकलीय का?"

"कुठला कुकर?" हे म्हणाले.

मी आणि तिनं एकमेकींकडे बघितलं. मग ह्यांनी आमच्याकडे बघितलं. बराच वेळ. आणि बटण बंद केलं.

"ठिवायचं का?"

"नको," मी म्हणाले. "रंग नाही आवडला."

रंग! काळा होता. सगळे काळेच असतात.

१० फेब्रुवारी

पुस्तकांवर नंबर टाकताना दिवसभर तेच. मोबाइलचा बारीक गजर वाजतो तेव्हा मीच बंद करते. कधीपासून? संस्कृती बोलली की "काय?" विचारतात, सयाजीभाऊंचा भसाडा आवाज मात्र पहिल्याच झटक्यात. मला वाटायचं, पोरीकडे लक्ष देत नाहीत. मी त्यावरून बोललेही आहे त्यांना. वाईट बोलले आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सयाजीभाऊंचा फोन. ग्रंथालयाच्या नंबरवर! म्हणजे घरी कळू नये म्हणून.

"वहिनी, रागवू नका. गोरखभाऊंचं काय बिनसलंय?"

"का हो?"

"परवा राजुरीच्या लग्नात बाया कानात बोटं घालून बसल्या. नवरीचा मामा माज्या अंगावर आला. आवाज बोचतो म्हनत्यात समदे. मिक्सरवरची बटनं टोकाला लावल्याली. मी म्हनलं, भाऊ, जरा कमी करा — तर मलाच म्हनले, तुज्या कानात मळ झालाय."

मी समोरचं रजिस्टर मिटलं.

"आता यात्रा तोंडावर आल्यात. चार-चार हजार माणूस. मला एक पोरगा मिळतोय पुण्याचा. पन भाऊंनी मला उभं केलंय, राव. माज्या तोंडून निघत न्हाई. तुमी सांगा. ठिवू का नको?"

मी सांगायचं? पंचवीस वर्षं माणसानं जे एकच काम केलं, ते काढून घ्यायचं की नाही — हे त्याच्या बायकोनं फोनवर सांगायचं!

"मार्च लागला की सांगते," म्हणाले.

राजुरीच्या त्या लग्नाला मी नव्हते. ग्रंथालयाची तपासणी होती. नाहीतर हल्ली हे मला प्रत्येक लग्नाला ओढून नेतात.

१६ फेब्रुवारी

भाकरी वाढताना सहज म्हणून विषय काढला. मंचरला कान तपासायचं शिबिर आहे, फुकट आहे, मी जाणार आहे, तुम्हीपण चला.

"तुज्या कानाला काय झालं?"

"काही नाही. बघून घ्यायचं."

"मग जा की."

ताटातली चटणी बोटानं सारखी करत राहिले. मग म्हणाले, "म्हाताऱ्यांसाठी असतंय ते."

संपलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

मंचरला गेलो. तिसरं मशीन. रूपचंद शेठजींचं. त्यांचं कापडाचं दुकान बाजारपेठेत, राहणं वरच्या मजल्यावर. शेठजी गेल्यावर दोन वर्षं ते तसंच झाकलेलं होतं. नातू अंकित म्हणाला, "आजी विकूच देत नव्हती. आता म्हणते, ऐकणारा माणूस आला तरच द्यायचं. किंमत तुम्ही द्याल ती."

आजी म्हणजे भंवरीबाई. ऐंशीच्या पुढच्या. कानात यंत्र. मोठ्यानं बोलतात, आणि आपल्याला वाटतं रागावल्यात.

"बसा! आधी खाखरा खा! मग बघा!"

ह्यांनी बल्ब, मीटर सगळं सोबत नेलं होतं. भंवरीबाई चष्म्यावरून बघत होत्या. "काय हो, डॉक्टर आहात का मशीनचे?"

"तसंच म्हना."

"मग नाडी बघा चांगली. आमच्या ह्यांनी त्याला मुलीसारखं सांभाळलंय."

फार जड मशीन. चालू केल्यावर आत 'टक्' असं वाजतं आणि मगच आवाज सुटतो. ती 'टक्' ऐकू यावी म्हणून सगळे कान देतात — ह्यांनी झाकणावर तळवा ठेवला. तळव्यानं वाट बघितली. मी ते बघितलं.

स्तवन लावलं अंकितनं. इतकं स्वच्छ! गाणाऱ्या बाईंनी मध्येच घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. सूं सूं नाही, घरघर नाही. दोन्ही बाजू सारख्या. मला वाटलं, हेच. उठू नये इथून.

हे म्हणाले, "ट्रेबल वाढव जरा." म्हणजे टाळासारखा बारीक आवाज. अंकितनं वाढवला. "अजून." वाढवला. "अजून थोडा—"

"अहो भाऊ!" भंवरीबाई ओरडल्या. "मी बहिरी, मला बोचायला लागलं! माझं कानातलं यंत्र देऊ का तुम्हाला?"

आणि खरंच काढून पुढे धरलं. तळहातावर, एवढंसं, हरभऱ्याएवढं.

अंकित हसला. भंवरीबाई हसल्या. मीही हसले — देवा, का हसले मी! हे पण हसले. सगळ्यांच्या नंतर, एकटेच.

येताना गाडीवर ॲम्प्ली माझ्या मांडीवर. भंवरीबाईंनी बळंच दिलंय — "आठ दिवस घरी ऐका, मग बोला." पाय मुंग्यांनी भरून गेले. मी ह्यांच्या पाठीला डोकं टेकलं. ते हललेसुद्धा नाहीत.

२६ फेब्रुवारी

मशीनला हातही लावला नाही अजून. झाकून ठेवलंय. येता-जाता बघतात.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सयाजीभाऊंचा मेसेज : 'वहिनी मार्च लागला.' अजून लागला नव्हता.

१ मार्च, शनिवार

संध्याकाळी स्वतःहून लावलं. संस्कृती मैत्रिणीकडे गेलेली. मला म्हणाले, "बस इथं." भिंतीला टेकून, दोन स्पीकरांच्या मधोमध. स्वतः मशीनपाशी. सोबत त्यांचा तो छोटा मिक्सर, बटणांचा.

माझंच भजन लावलं. बटण हळूहळू फिरवायला लागले. टाळ आधी दबलेले होते, मग वर आले, आले, आले... आणि जिथं मला वाटलं, आता बस, बरोबर तिथंच त्यांचा हात थांबला.

मी आश्चर्यानं वर बघितलं.

ते बटणाकडे बघत नव्हते. मशीनकडेही नाही. माझ्या तोंडाकडे बघत होते.

मला क्षणभर कळलं नाही. मग मी एक केलं, लिहायलाही लाज वाटतेय. आवाज अगदी सुरेख लागलेला असताना मुद्दाम कपाळाला आठी घातली. लगेच हात खाली आला. आठी सोडली. हात परत वर.

"पाणी आणते," म्हणून उठले. चुलीमागच्या कोपऱ्यात उभी राहिले. चूल केव्हाच गेली, कोपऱ्याला नाव तेच राहिलंय. पदर तोंडात धरला.

लग्नांना मला का नेतात ते आज कळलं. "चल गं, पंगतीला बासुंदी हाय." आणि खुर्ची कुठं मांडायची? मिक्सरच्या समोर, थोडी तिरकी. "हितं वारं लागतं." मी मेली खरंच वाऱ्याला बसायचे! ओळखीची कोणी भेटली आणि उठून गेले तर माणूस पाठवून बोलावून घ्यायचे. मला वाटायचं, या वयात माया उफाळून आलीय. संस्कृतीजवळ चेष्टेनं बोललेसुद्धा.

मी होते त्या एकाही लग्नात कोणी कानात बोटं घातली नाहीत. राजुरीला मी नव्हते.

म्हणजे ह्यांना माहीत आहे. आमच्या सगळ्यांच्या आधीपासून. आणि एवढं एकट्यानं सांभाळत राहिले — माझं तोंड वाचत.

पाणी घेऊन बाहेर आले. "कसंय?" विचारलं त्यांनी.

"हेच ठेवू," मी म्हणाले.

"रंग?"

"रंग चांगला आहे."

बराच वेळ खाली बघत वायर गुंडाळत होते. सगळी वायर गुंडाळून झाली तरी गुंडाळतच होते.

३ मार्च, सोमवार

ॲम्प्ली घेतलं. भंवरीबाईंना फोन केला. "भाऊंना आवडलं?" "मला आवडलं," म्हणाले. "मग बरोबर माणूस मिळाला!" त्या ओरडल्या. फोन कानापासून लांब धरावा लागला.

सयाजीभाऊंनाही सांगितलं. ठेवा यांना. पुण्याच्या पोराला नको म्हणा.

"वहिनी, तुमी जबाबदारी घेता का?"

"घेते."

कशाच्या जिवावर म्हणाले? पहिली यात्रा दोन आठवड्यांवर. लग्नाच्या मांडवात बायकोला खुर्ची टाकता येते. यात्रेत मिक्सर मैदानाच्या मध्ये, बांबूच्या कठड्यात. रात्र-रात्र चालतं. भोवती सगळे गडी. तिथं बाई बसलेली मी कधीच बघितली नाही.

४ मार्च

त्यांच्या लक्षात येईल की मला कळलंय. आजवर दोघं जे बोललो नाही ते ताटाशेजारी येऊन पडेल. "न्हाई" म्हणतील. "गावं काय म्हनतील" म्हणतील. कदाचित ताटावरून उठतील. तरी आज जेवायला बसले की म्हणणार आहे —

अहो, यात्रांना मला सोबत न्या. कठड्याच्या आत, माझं तोंड तुम्हाला दिसेल अशी बसवा.