सीमेचा धडा शुक्रवारी संपतो

विश्रामबाग, सांगली
मंगळवार

तीर्थरूप दाजी,

सोपानचा सप्रेम जयभीम. आक्कालाही सांगा. तुमचा गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना, ते मागच्या फोनवर नीट कळलं नाही, तरी दोन्ही वेळेला जपावं. आक्काची साखर किती आली ते तिला न विचारता रिपोर्ट बघून कळवावं (ती वीस-तीस कमी करून सांगते). मी बरा आहे. रोहन कुपवाडला कारखान्यात, सूनबाई नीलिमा बँकेत आणि मी तिसऱ्या मजल्यावर सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत पहाऱ्यावर. पहारा कशावर ते कुणी सांगितलेलं नाही. घरात उचलून नेण्यासारखा मीच आहे आणि मला कोणी नेत नाही.

पत्रास कारण असं, की तुम्ही साताऱ्यात पस्तीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवलंत, तेव्हा तुमच्या अक्षरात एक विनंतीपत्र पाहिजे. इथल्या एका कॉलेजात क्रांती मॅडम पहिल्या वर्षाच्या मुलांना 'सीमा व सातत्य' हा धडा शिकवतात. (इंग्रजीत लिमिट म्हणतात, पण पोरं मराठी शाळेतली, म्हणून मॅडम सीमाच म्हणतात.) तो धडा येत्या शुक्रवारी संपतोय. पोरं कच्ची आहेत, सगळं पहिल्यापासून पुन्हा घ्यावं, असं तुम्ही जुन्या शिक्षकाच्या अधिकारानं त्यांना लिहावं. शुक्रवार टळला नाही तर माझं अवघड आहे.

आता मी तिथं पोचलो कसा, ते ऐका. फिरायला गेलो असताना गेटवर फळा दिसला: 'सीमा व सातत्य, जादा तास, सकाळी अकरा, सर्वांनी यावे.' मी बावीस वर्षं फौजेत, त्यातली नऊ सरहद्दीवर. मला वाटलं, सीमेवर व्याख्यान आहे. दुसऱ्या दिवशी ब्लेझर काढला, पदकं लावली, बुटाला पॉलिश केलं (दोनदा, कारण पहिल्यांदा तपकिरी लागलं) आणि अकराला दहा मिनिटं असताना हजर झालो. शिपायाला वाटलं, कॉलेज तपासायला नॅकची समिती आली. त्यानं मला पुढच्या रांगेत खुर्ची दिली, चहा दिला, बिस्किटं दिली. मॅडम मला बघून इतक्या घाबरल्या, की तीन दिवस जीव तोडून शिकवत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी अदबीनं विचारलं, सर काही सूचना? मी म्हणालो, "सगळं झ्याक हाय मॅडम, पर बॉर्डर कवा येनार?" वर्ग पाच मिनिटं हसत होता. मॅडमही हसल्या, आणि म्हणाल्या, बसा तुम्ही काका, तुमच्यामुळं पोरं वेळेवर येतात.

तेव्हापासून बसतो. आणि दाजी, फुशारकी नाही, पण सीमा मला त्या पोरांपेक्षा आधी कळली. एक्सनं एका ठिकाणाच्या जवळ जवळ जायचं, सांगाल तितकं जवळ, पण त्या ठिकाणावर पाय ठेवायचा नाही. ही तर आमची रोजची गस्त! डावीकडून एक तुकडी, उजवीकडून एक. दोघींच्या नजरा एकाच जागेवर पोचल्या, तर सीमा आहे. नाही पोचल्या, तर नाही. (फंक्शन म्हटल्यावर मात्र पहिले दोन दिवस मला जेवण असेल असं वाटत होतं.)

घरीही तेच चालतं. रोहनची आई जाऊन चौदा महिने झाले. मला त्रास नको म्हणून घरात तिचं नाव निघत नाही, फोटोसुद्धा आतल्या खोलीत गेला. जेवताना रोहन डावीकडं बसतो, सूनबाई उजवीकडं. रोहन म्हणतो, "ही आमटी अगदी..." आणि पाणी पितो. नीलिमा म्हणते, दोन वर्षांमागच्या दिवाळीला आपण... आणि भात वाढायला उठते. दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि थांबतात. मायेनंच थांबतात, हे मला कळतं. पण मी मधे बसलेला असतो आणि मला फार एकटं वाटतं.

काल मात्र माझ्या हातून गोंधळ झाला. मॅडमनी एक फंक्शन लिहिलं: वर एक्सचा वर्ग वजा चार, खाली एक्स वजा दोन. एक्स दोन घेतला की वर शून्य, खाली शून्य, उत्तरच नाही. पण १.९९ घेतला तर ३.९९, आणि पलीकडून २.०१ घेतला तर ४.०१. म्हणजे सीमा चार, बिंदू मात्र गैरहजर. मॅडमनी आलेखात तिथं छोटं पोकळ वर्तुळ काढलं. मला फार आवडलं ते. मग त्या म्हणाल्या, इथं आपण चार ही किंमत भरली की सातत्य आलं, आणि खडूनं वर्तुळ भरायला लागल्या. मी कधी उठून उभा राहिलो, मलाच कळलं नाही. "बुजवू नगासा मॅडम! ऱ्हाऊ द्या की त्ये तसंच." मॅडमनी खडू थांबवला. मग फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी तेच चित्र पुन्हा काढलं, पोकळ वर्तुळाचं, आणि हळूच म्हणाल्या, हे असू द्यात काका.

सोमवारपासून त्या नवीन धडा घेणार, डेरिव्हेटिव्ह नावाचा. काका तुम्ही याच, असं म्हणाल्या. पण त्यात मला रस नाही. तेव्हा विनंतीपत्र लवकर धाडावं.

आक्काला जयभीम. गुडघ्याला शेक द्यावा.

तुमचा मेहुणा,
सोपान

ता. क. मॅडमना माझी पदकं किती ते लिहू नये. मी दोन वाढवून सांगितली आहेत.

ता. क. दुसरा. दाजी, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. त्या फळ्यावर खाली मोठ्या अक्षरांत 'गणित विभाग' लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं. मी गेलो तो वरच्या पहिल्या शब्दासाठी. चौदा महिन्यांत माझ्यासमोर कुणी सीमा म्हटलेलं नव्हतं. पहिल्या तासाला मॅडम एकतीस वेळा म्हणाल्या, मी बोटांवर मोजलं. सीमा आहे, असंही म्हणाल्या.

ता. क. तिसरा. विनंतीपत्र राहू द्या. पोरांचं नुकसान कशाला? रविवारी फोन कराल तेव्हा तो आक्काकडं द्या, आणि सीमाबद्दल काहीही बोल म्हणावं. चांगलंच पाहिजे असं नाही. पापडाच्या पिठावरून दोघी सहा महिने बोलत नव्हत्या, तेही चालेल. फक्त नाव घेऊन बोलावं. आणि मी मधेच गप्प झालो, तर लाइन गेली समजून फोन ठेवू नये.