लिंबाच्या वासाचा ब्रेक

शनिवार, ८ नोव्हेंबर. दुपार.

आज सकाळी, बाबांच्या दंडाला रबरी पट्टा बांधता बांधता तिने मान न वळवता मला विचारलं की शुक्रवारी तुझी गाडी मिळेल का, आणि त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. बाबांना पत्ताच नाही. त्यांचं सगळं लक्ष सुईकडे.

ती म्हणजे पॅथॉलॉजी लॅबमधली. घरोघरी जाऊन रक्ताचं सँपल घेते. बाबांच्या शुगरमुळे आमच्याकडे वरचेवर येते. बाबांच्या शुगरचे माझ्यावर उपकार आहेत. (हे वाक्य नंतर खोडायचं.)

प्रकरण असं की शुक्रवारी तिची लायसन्सची टेस्ट. गियरची गाडी आपली आपण घेऊन जायची. ती मामाच्या गाडीवर शिकली, आणि मामाने गाडी विकून टाकली. लॅबवाल्यांनी बजावलंय, पंधरा तारखेच्या आत लायसन्स दाखव, तर नोकरी पक्की आणि फिरायला लॅबची स्कूटर. नाहीतर जागा दुसऱ्याला.

मी म्हणालो, गाडी तुझीच समज. आवाज किंचित चिरकला. आतून ताई फिस्सकन हसल्यासारखा आवाज आला. सर्दी झाली असेल तिला.

विचार करण्यासारखी गोष्ट: आमच्या गल्लीत गाड्या काय कमी आहेत? पण तिने मागितली माझी. ताईचं म्हणणं, बाकीच्यांना दिवसा कामावर जायचं असतं. ताईला माणसाचं मन कळत नाही. बँकेत काम करून करून असं होतं.

शनिवार, संध्याकाळ.

नवीन पॉलिश आणलं. लिंबाच्या वासाचं. टाकी, मडगार्ड, सायलेन्सर, सगळं घासलं. मागच्या चाकाची डिस्क तर अशी लखलखते की तिच्यात बघून दाढी करावी. ताई जिन्यावरून म्हणाली की अरे, चाकालाही लावतोस? मी म्हटलं, अर्धवट काम करायची आपली पद्धत नाही. त्यावर तिने कॉलेजचं नाव काढलं. बादलीला लाथ मारली. अंगठा दुखतोय.

रविवार, ९ नोव्हेंबर.

ट्रायल म्हणून तिच्या बिल्डिंगवरून चक्कर मारली. सहज. नंतर परत येताना. नंतर पुन्हा जाताना. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी ऐटीत, एक हात मांडीवर ठेवून, नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी थांबवणार होतो.

गाडी थांबली नाही. पेडल दगडासारखं कडक, पाय पुरा दाबलेला, आणि गाडी आपली निघालीय फिरायला. पुढचा ब्रेक मारेपर्यंत वॉचमनची कुंडी मध्ये आली. कुंडी कोणी तिथे ठेवायला सांगितली होती? वॉचमनला मी हे मोठ्याने विचारलं. तोही मोठ्याने बोलला. वरून तिने विचारलं की ब्रेक नीट आहेत ना रे. मी म्हटलं, ब्रेक फर्स्ट क्लास आहेत, कुंडी बघायला थांबलो होतो.

उद्या ब्रेक पूर्ण तपासणार. गॅरेजची गरज नाही. मी मेकॅनिकलला होतो. (ब्रेक चौथ्या सेमिस्टरला होते. मी तिसऱ्यात बाहेर पडलो. पण पाया पक्का आहे.)

सोमवार, १० नोव्हेंबर.

दोष सापडला! एबीएस. चाक जाम होऊन घसरू नये म्हणून ब्रेकवर नजर ठेवणारी ही सिस्टिम. मीटरवर तिचा पिवळा दिवा लागलाय. किल्ली फिरवली की लागतो आणि विझायचं नाव नाही. मी समोर स्टूल टाकून बराच वेळ बघत बसलो. विझला नाही. म्हणजे कॉम्प्युटर बिघडलाय आणि माझा ब्रेक अडवून धरतोय.

एका दाढीवाल्याचे व्हिडिओ बघितले. त्याचं म्हणणं, गाडी उभी असताना हा दिवा लागायचाच, चालवली की जातो. चालवून बघितली. गेला. योगायोग असतात. त्याच्या व्हिडिओखाली मी सडेतोड कॉमेंट टाकली. त्याने हसणारा चेहरा पाठवला. ज्ञानी माणसांना उद्धटपणा फार.

एबीएसचा फ्यूज काढला. आता दिवा कायमचा लागलाय. ब्रेक मात्र जैसे थे. म्हणजे दोष आणखी खोल आहे. मला वाटलंच होतं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.

नवं निदान: ब्रेकच्या पाइपात हवा. ती काढायची पद्धत सोपी. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा छोटा स्क्रू सैल करायचा, हवा आणि ब्रेकचं ऑइल नळीतून बाहेर आलं की स्क्रू बंद, मगच पाय उचलायचा.

ताईला पेडलवर बसवलं. तिचा एक पाय पेडलवर आणि कान फोनवर. मी दाब म्हटलं की ती सोडायची, सोड म्हटलं की मैत्रिणीला सांगायची, थांब गं, इथे एक वेडा ओरडतोय. तिचं म्हणणं, तू स्क्रू उघडायच्या आधी ओरडतोस का नंतर, ते एकदा ठरव. सहकार्य शून्य.

जेवढी हवा काढायची होती त्याच्या दुप्पट आत गेली. आता पेडल कडकही राहिलं नाही. पाय ठेवला की थेट खाली जातं, भिजलेल्या उशीवर ठेवल्यासारखं. शिवाय ऑइलची बाटली मी टाकीवर ठेवली होती. ती कलंडली. टाकीचा रंग फुगलाय, भाजल्यावर कातडीला येतो तसा फोड.

काल ब्रेक लागत नव्हता. आज ब्रेकच नाही. तरी प्रगती आहे, कारण आता मला आतलं सगळं माहीत झालंय.

बुधवार, १२ नोव्हेंबर.

गाडी गॅरेजला नेली. ढकलत. हार म्हणून नाही, वेळ कमी म्हणून.

गॅरेजवाला माणूस तोंडाळ. मागचे पॅड, डिस्कला चिमटून चाक थांबवतात ते, काढून माझ्या नाकासमोर धरले. काचेसारखे गुळगुळीत. म्हणाला, ह्याच्यावर तेल ओतलंस का भावा? मी म्हटलं, तेल? मी? एक थेंब नाही. (ब्रेकचं ऑइल सांडलं ते टाकीवर, चाकावर नाही.) म्हणाला, मग भूत येऊन ओततंय का? मी म्हटलं, नीट बोला. तो म्हणाला, नीटच बोलतोय, तेल लागल्याशिवाय पॅड असे होत नाहीत. मी सांगितलं की माझ्या घरात तेलाची बाटली फक्त स्वयंपाकघरात असते आणि ती आईच्या ताब्यात असते. तो गप्प झाला. आपला मुद्दा ठाम असला की समोरचा गप्प होतो.

त्याने नवीन पॅड घातले, डिस्क कसल्याशा स्प्रेने धुतली, हवा काढली, फ्यूज जागेवर बसवला. रस्त्यावर जाऊन जोरात दाबून बघितलं. गाडी जागच्या जागी. पेडल तळव्याखाली टकटक, टकटक करतं. एबीएस जिवंत! मी म्हटलंच होतं की एबीएसमध्ये काहीतरी आहे.

येताना ती भेटली. सँपलची पेटी खांद्याला, चालून चालून घामाघूम. म्हणाली, टेस्टला आठचा आकडा काढायचा आणि मग मागच्या ब्रेकवर पांढऱ्या रेषेच्या अलीकडे थांबायचं. मागच्या महिन्यात ड्रायव्हिंग स्कूलच्या खटाऱ्यावर ती तिथेच नापास झाली. म्हणाली, ह्यावेळी नापास झाले तर नोकरी गेली, बाबा रे. तिने विचारलं, ब्रेक नक्की आहेत ना? मी म्हटलं, डोळे मिटून दाब. ती म्हणाली, डोळे उघडे ठेवूनच दाबते.

विनोदी आहे. आमचं पटेल.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. संध्याकाळ.

सगळं ठीक. फक्त टाकीवर फोड, आणि त्या गॅरेजवाल्याच्या काळ्या बोटांचे ठसे सगळीकडे. डिस्कवरसुद्धा. उद्या तिच्यासमोर अशी गाडी उभी करू? पॉलिशची बाटली पुन्हा काढली. टाकीला हात मारला, फोड लांबून दिसत नाही. मग डिस्क. ह्यावेळी जाळीदार भोकांतूनसुद्धा, कापसाची काडी घालून. प्रेम म्हणजे शेवटी काय? बारकावे.

ताई वाळलेले कपडे काढायला आली. म्हणाली, परत चाकाला? मी म्हटलं, ती चाक बघणार आहे. ताई म्हणाली की ती रस्ता बघणार आहे, गाढवा.

शर्टाला इस्त्री केली. टेस्टनंतर तिला काय म्हणायचं ते पाठ केलंय. सुरुवात चांगली आहे. मधलं सुचेल.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. सकाळ.

निघालो. सावकाश गेलो, पुढच्याच ब्रेकवर. मागचा तिच्यासाठी राखून ठेवला.

शुक्रवार, दुपार.

काही लिहायचं नाही.

शुक्रवार, थोड्या वेळाने.

लिहितो. सत्य एकतर्फी राहू नये.

मैदानावर छत्रीखाली खुर्ची, खुर्चीत इन्स्पेक्टर, समोर रांग. तिने गाडी बघितली आणि म्हणाली, काय चमकवलीयस! आख्ख्या आठवड्यातला हा माझा सर्वोच्च क्षण. तो तिथेच संपला.

नंबर लागायच्या आधी तिने भिंतीजवळ एक चक्कर मारून बघितली. मागचा ब्रेक दाबला. गाडी चाललेलीच. पुन्हा दाबला. मग पुढच्यावर थांबवून उतरली. मी सांगितलं की एबीएस गरम व्हायला थोडा वेळ घेतं. ती चाकापाशी उकिडवी बसली, नाक पुढे केलं आणि हुंगलं. मग खांद्यावरची सँपलची पेटी उघडली, टोचायच्या आधी कातडीवर फिरवतात तो स्पिरिटचा कापूस काढला आणि डिस्कवर फिरवला. माझ्या गाडीचं सँपल घेतलं तिने! कापूस काळा, चिकट. तो माझ्या नाकाखाली धरला. लिंबू.

म्हणाली, हे काय लावलंस? मी म्हटलं, पॉलिश. ती म्हणाली, ब्रेकला? मी म्हटलं, तुझ्यासाठी. रांगेतले सगळे वळून बघायला लागले. तिने विचारलं, मी त्या रेषेवर थांबायचं होतं की सरळ इन्स्पेक्टरच्या मांडीवर?

मी म्हटलं, पुसून देतो लगेच. ती म्हणाली, पॅडनी प्यायलंय ते, आता कापसाने नाही निघायचं. तिचे ओठ थरथरत होते. रागाने असेल. तिच्या नंबराचा पुकारा झाला.

तेवढ्यात मागच्या नंबरचा दूधवाला पुढे आला. लायसन्सची मुदत संपलेली म्हणून आला होता, वय साठीचं. म्हणाला, पोरी, ही घे. त्याची गाडी म्हणजे दोन्ही बाजूंना कॅनचे हुक, सीटला सुतळी, एबीएसचा पत्ता नाही. मी त्याला बजावलं की मधे पडू नका. त्याने मला बाजूला सारलं, दुधाचा कॅन सरकवावा तसं. शिवाय त्याची नजर मला आवडली नाही.

तिने आठ काढला. रेषेपाशी ब्रेक शेळीसारखा ओरडला आणि गाडी थांबली. रेषेच्या वीतभर अलीकडे. पास.

मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. मग पाठ केलेलं बोलायला पुढे गेलो तर ती दूधवाल्याचे आभार मानत होती. मला म्हणाली, घरी ढकलत ने, बसू नकोस तिच्यावर. हे काळजीपोटी होतं. आवाज तसा नव्हता, पण आशय तोच.

शनिवार, १५ नोव्हेंबर.

पॉलिशच्या कंपनीवर खटला भरणार. ब्रेकला लावू नये असं बाटलीवर लिहायला नको?

ताईने बाटली फिरवून दाखवली. लिहिलंय. मागच्या बाजूला, लाल चौकटीत. मागची बाजू कोण वाचतं?

तरी काही मुद्दे माझ्या बाजूने आहेतच. एक, डिस्क खरोखर चमकत होती. दुसरा आठवला की लिहीन.

दिवसभर एकच चित्र डोळ्यांसमोर येतंय. ती रस्त्यावर, पेटी खांद्याला, समोरून ट्रक, आणि ती डोळे मिटून माझ्या शब्दावर पेडल दाबतेय. जेवलो नाही. आईने विचारलं, पोट बिघडलंय का? हो म्हटलं.

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळ.

ती आली. स्कूटरवर. लॅबचं नाव रंगवलेली, पांढरी. बाबांचं सँपल घ्यायला.

मी आतल्या खोलीत कपाट आवरत होतो, म्हणजे दाराआड उभा होतो. तिने सगळं सांगितलं. हुंगलं तेसुद्धा. बाबा एवढे हसले की तिला शीर सापडेना, म्हणाली, काका, हात हलवू नका, नाहीतर पॉलिश लावून घेईन. आईसुद्धा हसली. ताईला पुन्हा सर्दी झाली.

जाताना ती दारापाशी आली. मी बाहेर आलो. पाठ केलेलं सगळं तयार होतं. म्हणालो, सॉरी. पाठ केलेल्यात हा शब्द कुठेच नव्हता. ती म्हणाली, मी पडले असते ना रे. मग बॅगेतून लाल एल लिहिलेला स्टिकर काढला, शिकाऊ गाडीला लावतात तो, आणि माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, मला आता नको, तूच लाव. आणि पॅड बदलल्याशिवाय त्या गाडीवर बसलेला दिसलास तर सुई घेऊन येईन.

ती तिचा स्टिकर मला देऊन गेली. म्हणजे काहीतरी असेल. ताई म्हणते, काही नाही.

आता गाडी ढकलत गॅरेजला. तो विचारणार, तेल कुठून आलं भावा. काय सांगायचं ते ठरलंय: पॉलिश, आणि मीच. एवढंच. रस्त्यात दुसरं काही सुचलं नाही तर.

ताई जिन्यात उभी राहून बघतेय, बाटली बरोबर नेतोय का. नाही नेत. शेल्फावर ठेवली, लाल चौकट बाहेर करून. फडका तेवढा खिशात आहे. फक्त टाकीपुरता.

निघालो. दार ओढून घेतो.