ससाण्याची अक्कल

३ मार्च, सकाळी
समोरच्या पाण्याच्या टाकीवर घरटं बांधून बसलेल्या त्या मेल्या ससाण्याने आज आणखी एक कबुतर उचललं. गच्चीवरची माझी ढाबळ म्हणजे त्याची खानावळ झालीय. मेव्हणा गुरांचा डॉक्टर. म्हणे गेलं ते आधीपासून पेंगत होतं, ससाणा आजारी तेवढीच नेतो, म्हणून बाकीची धड राहतात. बहिणीच्या घरी फुकट चहा ढोसायचा, वर अक्कल पाजळायची! ससाणा काय नाडी बघतो? तो उत्तमच उचलतो. घरटं पाडणार. कबुतरं उडवायच्या स्पर्धेत माझं सगळ्यांत उत्तम कबुतर, नवाब, पलीकडच्या शिंप्याचं नाक कापणार म्हणजे कापणार.

५ मार्च
घरटं पाडलं. शिडीवर वॉचमन चढला, पण प्लॅन माझा.

९ मार्च
एकही कबुतर गेलेलं नाही. आणखी चार पेंगत होती, तीही जिवंत! धीर यावा म्हणून त्यांना नवाबच्या कप्प्यात ठेवलं. मेव्हण्याचं लेक्चर: त्यांच्या पोटात जंत आहेत, विष्ठेतून सगळ्यांना होतील. औषधाची बाटली ठेवून गेला. मोरीत ओतली.

१३ मार्च
निम्मी ढाबळ पिसं फुगवून बसलीय. थंडी असावी. एवढ्या उकाड्यात कसली थंडी, असं बायको म्हणाली. भावावर गेलीय. नवाब मान खाली घालून असतो. वयाने विचारी झाला.

१४ मार्च
ससाणा आता शिंप्याच्या गच्चीमागच्या टॉवरवर राहतो. शिंप्याची कबुतरं टुणटुणीत. फितूर पक्षी!

१६ मार्च
तीन मेली. मेव्हण्याकडे पुन्हा औषध मागणार नाही. मरेन पण मागणार नाही. मरतायत कबुतरं, हा मुद्दा वेगळा.

१८ मार्च, स्पर्धेचा दिवस
पहाटेच ठरवलं, पेंगणारी ससाण्यालाच द्यायची. मेव्हण्याला कळता कामा नये. उरलेल्या पेंगणाऱ्यांतली चार कठड्यावर ठेवली. हलेनात. वाट दाखवायला नवाबला हातात घेऊन उडवलं. तो हेलपाटत शिंप्याच्या गच्चीपर्यंत गेला. ससाणा टॉवरवरून सुटला. शिंप्याचा अख्खा थवा वर घिरट्या घालत होता, त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ नवाब.

संध्याकाळी
शिंपी जिंकला. मेव्हणा आला, चहा न घेता नवी बाटली ठेवून गेला. फुकटचा चहाही नको झाला, याचा फार राग आला. नवाबचं एक पीस गच्चीत सापडलं, ते उशीखाली ठेवलंय.
तरी ससाणा उत्तमच उचलतो. मी म्हणालोच होतो.