मामलेदाराचा पाय

९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी सहा.
मंदामावशी आठवड्यासाठी लेकीकडे कोल्हापूरला गेली. सांडोरच्या घराची किल्ली मला देऊन. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला किल्ली दिली. सोबत मामलेदार. म्हणजे मावशीचा पोपट. परदेशी जातीचा, राखाडी, डोक्यावर तुरा. काका गेल्यापासून ती जे काय बोलते ते त्याच्याशीच. सूचना एकच: पिंजऱ्याबाहेर काढू नकोस. माझ्या भटक्या दोस्ताला, डिलनला, फोन करून सांगितलं, आठवडाभर हिंडणं बंद. जबाबदार माणूस झालोय.

१० फेब्रुवारी, सोमवार. दुपार.
बाहेर काढला. पाचच मिनिटं, व्यायाम म्हणून. तेवढ्यात डिलनचा फोन, मे महिन्यात बाईकने लडाख. मी मोबाइलवर रस्ता बघत बसलो. इकडे मामलेदाराचं नख टॉवेलच्या धाग्यात अडकलं, त्याने झटका मारला, अर्धं तुटलं. रक्त. बारा थेंब मोजले. एवढ्याशा जिवात असतं तरी किती? व्हिडिओत म्हणतात, कॉर्नफ्लोर दाबून धरा. धरणार कसं, तो चोच उघडून बघतो. मी लांबून फुंकलं. निम्मं माझ्या डोळ्यात. पण रक्त थांबलं. म्हणजे जमलं.
कुंपणापलीकडून धोंडूबाईने, शेजारच्या केळीच्या वाडीवालीने, विचारलं, काय रे उमंग, पोपट का कोकलतोय? मी म्हटलं, गातोय. ती म्हणाली, बरं. त्या बरंची मला भीती वाटली.

११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी सात.
बोट सुजलंय. पाय पोटाशी धरून बसलाय, दाण्याला शिवत नाही. आज डॉक्टर. नऊला म्हणजे नऊला. मावशीला मेसेज केला: मामलेदार मजेत. तिने नुसता अंगठा पाठवला.

दुपारी अडीच.
डॉक्टरचा पत्ता काढायला होळी बाजारात गेलो. तिथे ओळखीतला स्टॅनी भेटला. त्याचा जुना तंबू विकायचाय. तंबू उभा करून, आत झोपून बघावाच लागतो. पत्ता राहिला. घरी आलो तर पिंजरा रिकामा. दाराला कुलूप होतं, खिडक्या बंद, पिंजऱ्याची कडीसुद्धा लागलेली. कपाटाखाली तीनदा बघितलं. मग वाड्यांतून हाका मारत धावलो, मामलेदार, मामलेदार. एक आजोबा म्हणाले, तहसील इकडे नाही. मावशी आता कुणाशी बोलणार, हे डोक्यातून जाईना. डोळ्यांत पाणी आलं ते कॉर्नफ्लोरमुळे.

साडेचार.
परत आलो तर पिंजऱ्यात बसलाय. निष्कर्ष: प्रेम लावलं की पाखरू परत येतं. कडी लावायला केव्हा शिकला, ते बघावं लागेल. डॉक्टर उद्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. रात्र.
काल डॉक्टर राहिला. पण सूज उतरतेय, दाणे खातोय. मी पिंजऱ्याखाली हळदीची धुरी दिली होती, त्याचा गुण. तरी जीव थाऱ्यावर नाही. रोज दुपारी मी जरा बाहेर पडतो, आणि परत आलो की मोरीतला टब ओला असतो. नॅपकिन वाळत. घरभर औषधाचा वास. भिंतीवर काकांचा फोटो आहे. काल माझ्याकडे बघत होते. फोटो उलटा केला. मग तेही बरं वाटेना. सुलटा करून माफी मागितली. उद्या घर सोडणार नाही. दाराआड स्टुलावर वरवंटा ठेवलाय. जो येईल त्याच्या पायावर.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी दोन.
बरोबर बाराला किल्ली फिरली. मी मागे सरलो, धक्का स्टुलाला, वरवंटा माझ्या अंगठ्यावर. आत आली धोंडूबाई. हातात औषधाची बाटली.
मंदाताईने दुसरी किल्ली तिला दिली होती म्हणे. पोरगं हिंडफिरं आहे, लक्ष ठेव, असं सांगून. सोमवारीच हिने कोल्हापूरला फोन केला. मंगळवारी मामलेदाराला बुटाच्या खोक्यात घालून रिक्षाने डॉक्टरकडे नेला. तेव्हापासून रोज कोमट पाण्यात पाय, वर औषध.
आधी त्याचं केलं. त्याने स्वतः पाय पुढे केला. मग त्याच टबात माझा. नख उखडलंय. तिने कॉर्नफ्लोर दाबून धरलं आणि म्हणाली, हलू नको, त्यो नाय हलत. एवढ्यात मावशीचा फोन. तिने विचारलं, कोण कोकलतंय गं? धोंडूबाई म्हणाली, तुझा भाचा गातोय. मावशी म्हणाली, बरं.
उद्या बाराला ती पुन्हा येणार, दोघांचे पाय बघायला. जाताना माझी किल्ली घेऊन गेली. आता तुला कशाला लागते, म्हणाली.
तशी ती खिशात टोचतच होती.