निळ्या पाण्याचा परवाना

२१ सप्टेंबर २०२५, रविवार

कंकणद्वीप! आज सकाळी दात घासताना हा शब्द आपोआप तोंडात आला. सहावीच्या भूगोलातला. समुद्राच्या मधोमध प्रवाळाची गोल बांगडी, आणि बांगडीच्या आत शांत, उथळ, निळं पाणी – त्याला खाजण म्हणायचं. आमचे महादेवराव गुरुजी भूगोलही शिकवायचे आणि मराठीही. धडा संपला की स्वतः रचलेली कविता फळ्यावर लिहायचे –

निळ्या जळाच्या कुशीत निजले वाळूचे कंकण,
लाट थबकते दारापाशी, विसरे ती गर्जन.

पुढचं आठवेना. एवढंच कौसल्येला चालीत म्हणून दाखवलं. ती खाटेवर, बर्फाचा एक खडा गालात धरून पडलेली. म्हणाली, "तुमचे गुरुजी कधी वर्ध्याच्या पलीकडं तरी गेले होते का?"

मी हसलो. मग तीच, भिंतीकडे तोंड करून – "गुडघ्याएवढंच असते का जी तिथलं पाणी?"

२३ सप्टेंबर, मंगळवार

काय करून बसलो मी!

डायलिसिसचा दिवस. आठवड्यातून दोनदा, मंगळवार आणि शुक्रवार, रामदासपेठेतल्या दवाखान्यात चार-चार तास. तीन वर्षं झाली. परतताना ऑटोत कौसल्या म्हणाली, "बस झालं आता. मले नाही करायचं." अगदी भाजी नको म्हणावं तशी. डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलेलं आहे – थांबवलं तर दोन आठवडे, फार तर तीन. तिला सगळं माहीत आहे.

माझ्या तोंडून निघून गेलं – "आधी आपण खाजण पाहू. लक्षद्वीपला. मग तू म्हणशील तसं."

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. "मंग अडवाल नाही ना मले?"

"नाही."

"शब्द?"

"शब्द."

शंकरनगरच्या सिग्नलला दिला शब्द. ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला होता.

२८ सप्टेंबर, रविवार

मी पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. धरणं, कालवे, पाट – सगळं पाणी निळ्या शाईनं काढलं. खरा समुद्र एकदाच पाहिला, तोही ऑफिसच्या कामाला गेलो असताना, टॅक्सीच्या काचेतून.

आज ट्रेसिंग पेपर काढला आणि प्रवास आखला. शुक्रवारी कोचीत डायलिसिस. शनिवारी छोट्या विमानानं बेटावर. रविवार सगळा खाजणात! सोमवारी परत कोची, मंगळवारी पुन्हा मशीन. बसतं! शुक्रवार ते मंगळवार – चारच दिवसांची फट आहे, पण बसतं. कोचीच्या दवाखान्याला फोन केला. बाई इंग्रजीत भराभर बोलली. रक्ताचे ताजे रिपोर्ट मागते. बेटावर जायला सरकारी परवाना लागतो, आणि त्याच्याआधी पोलिसांचा दाखला.

नकाशा पुरा झाला. रेघ सरळ आली. मग लक्षात आलं, कशाचा नकाशा काढतो आहे मी.

३० सप्टेंबर, मंगळवार

नंदिनीचा पुण्याहून फोन. "बाबा, तुम्हाला कळतंय का, काय करताय तुम्ही? आईला अशा अवस्थेत समुद्रात नेणार?"

समुद्रात नाही, खाजणात, म्हटलं.

"शब्दांचे खेळ नकोत, बाबा. कोण सुचवतं तुम्हाला हे?"

लेकीला सांगता येत नाही. ही सहल नसती तर तुझी आई आज मशीनवर गेलीच नसती, बाई.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दिवसाला एक लिटर पाणी. वर थेंब नाही, नाही तर छातीत भरतं. तिची बाटली सकाळी मी मोजून भरतो. मी माझं पाणी मोरीत जाऊन पितो, नळ न वाजवता. तरी बाहेर आलो की विचारते – "गार होतं का?"

१६ ऑक्टोबर, गुरुवार

पोलिस स्टेशनातून दाखल्याच्या चौकशीला हवालदार आले. धम्मदीप नाव, पोट सुटलेला, चांगला माणूस. खुर्चीवर टेकून कागद पुढं केले.

"फिरायलेच जाऊन राहिले ना काका? या वयात?"

कौसल्या आतून – "मंग काय लगनाले जाऊ?"

ते हसले. "काकू, यायच्यावर गुन्हा-बिन्हा काही?"

"एकच आहे. आमच्या लग्नात कविता म्हणत बसले. पंगत ताटकळली. माह्या भिवापूरच्या मामानं तर उपाशीच गाडी पकडली, अजून नाव काढते."

हवालदारांना पाणी दिलं. त्यांनी तांब्या उचलला आणि वरून धार धरून एका दमात रिकामा केला. घटघट. कौसल्या त्या धारेकडे पाहत राहिली. मी उठलो आणि तांब्या आत नेऊन ठेवला.

जाताना म्हणाले, "दाखला होऊन जाईन काका. फोटो पाठवा बरं तिथले."

२ नोव्हेंबर, रविवार

धरमपेठेत गेलो. तीन वर्षांत ती पहिल्यांदा दवाखाना सोडून कुठल्या दुकानाची पायरी चढली. पाण्यात बसायला सुती गाऊन हवा म्हणे, गडद रंगाचा. दुकानातली पोरगी म्हणाली, "आजी, स्विमिंगसाठी वेगळे मिळतात." कौसल्या पदर तोंडाला लावून इतकी हसली की धाप लागली. "मले काय आता मासोळी करता का वं?"

पायांवर सूज होती तरी चालली. रस्त्यात स्वतःहून म्हणाली, "ते गुरुजीचं म्हणा जी अजून एकदा."

म्हटलं. धरमपेठेच्या फुटपाथवर, सत्तरीचा म्हातारा, चालीत.

असा दिवस किती वर्षांनी आला! आणि घरी येऊन कुलूप काढताना वाटलं – ती जगण्यासाठी सजते आहे की निघण्यासाठी?

१० नोव्हेंबर, सोमवार

आला परवाना. ईमेलवर. दोघांचीही नावं. ५ ते ९ डिसेंबर.

कागद छापला नाही. कौसल्येला सांगितलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ऑटोत बसताना तिनं विचारलं, "आला का कागद?"

"नाही अजून."

"बरं." पाय वर घेतला आणि बसली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

"आला का?" – "नाही." – "बरं."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मी काय झालो आहे? बायकोला खोटं सांगून सुईखाली निजवणारा माणूस. आयुष्यभर ज्या निळ्या पाण्याचं वेड घेतलं, त्याचं दार उघडलं आणि मीच आतून कडी लावून बसलो!

हिशोब सरळ आहे, देवा. गेलो तर ती पाण्यात बसेल, एक दिवस. गुडघ्याएवढ्या पाण्यात, डोक्यावर टॉवेल घेऊन. हसेल. मग परत येऊ आणि मला माझा शब्द पाळावा लागेल. नाही गेलो तर ती दर मंगळवारी, दर शुक्रवारी ऑटोत बसेल. वाट पाहत. माझ्या खोट्यावर विसंबून.

आपण शाळेत किती सहज पाठ करायचो – वचन, सत्य, प्राण जाय. बाकावर उभं राहून, हात मागे बांधून! कुणाचा प्राण, ते कुणी विचारलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज फार वाईट. तिसऱ्या तासाला पायात गोळे आले, प्रेशर पडलं. ओरडली नाही, चादरीचं टोक चावलं. प्रेमिला सिस्टर – सुई नेहमी हीच टोचते, हाताची हलकी – पोटऱ्या चोळत म्हणत होती, "झालं वं माय, झालं, थोडंसंच राहिलं."

मी कोपऱ्यात उभा. खिशात फोन, फोनमध्ये परवाना. वाटलं, ओरडून सांगावं – आला आहे! चल! सोड हे सगळं! फोन खिशात आणखी खाली ढकलला.

घरी आल्यावर पाय दाबून दिले. डोळे मिटूनच म्हणाली, "तुम्ही जेवले का?"

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

विचारलं नाही आज. ऑटोत खिडकीबाहेर पाहत बसली. न विचारल्याचंच भय जास्त वाटलं.

३ डिसेंबर, बुधवार

तिकिटं काढलीच नव्हती. उद्या निघायचं होतं. कोचीच्या बाईंचा फोन आला, शुक्रवारची मशीन धरून ठेवू का? नको म्हटलं. "एनी प्रॉब्लेम, सर?" म्हणाल्या. नो प्रॉब्लेम.

आता नाही सोसत. शुक्रवारी सगळं सांगणार. ती मशीनवर असेल, उठून जाऊ शकणार नाही. काय ते बोलू दे. लबाड म्हणू दे. मग थांबवते म्हणाली तर – तर काय, शब्द दिलेला आहे. ट्रेसिंग पेपर घडी करून कपाटात टाकला. रविवारच्या रकान्यात तिचं नुसतं नाव लिहिलं होतं, दुसरं काही नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

तोंड उघडणार, तेवढ्यात प्रेमिला सिस्टरनं मला बाहेर बोलावलं. "काका, रागावू नका, पण तुमचं तोंड पाहवत नाही आता. काकूच्या फोनवर तो परवान्याचा मेसेज केव्हाचा येऊन पडला आहे. दुसऱ्याच दिवशी माह्याकडून वाचून घेतला त्याईनं. 'यायले सांगू नको वं,' म्हणे. 'लपवून राहिले तर लपवू दे.'"

दोन अर्ज, दोन फोन नंबर. मीच भरले होते!

म्हणजे ती सगळं माहीत असून आली. आज धरून सात वेळा.

आत गेलो. ती डोळे मिटून पडलेली. तिची चादर पायांवर नीट केली आणि मशीन थांबेपर्यंत शेजारी बसून राहिलो. निघताना काउंटरवर माझ्याआधी तीच पुढे झाली. "मंगळवारी सकाळी सातची पाळी द्या मले. मागच्या वेळी फार उशीर झाला."